टाकी अर्धी कुणी केली?

१

माईंच्या थोरल्याला लहानपणापासून एक वाईट खोड होती. आधी बोंब ठोकायची, विचारायचं मागाहून. माणूस पन्नाशीला टेकला, दातांचा डॉक्टर झाला, डोक्यावरचे केस गेले, पण खोड काही गेली नाही. दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणून सांगायचं, त्यामुळे बहुतेक याची अशी समजूत झाली होती की जगात तोंड दुसऱ्यांनी फक्त उघडायचं, बोलायचं आपणच.

त्या दिवशी मात्र त्याने कहर केला. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मधल्या खोलीत घोट्याएवढं पाणी, धाकटी सून गुडघ्यांवर बसून टॉवेल पिळतेय, माई पदर खोचून केरसुणीने पाणी मोरीकडे लोटतायत, आणि हा जिन्यावरूनच गरजत वर आला.

“पंप कोणी बंद केला? कोणी बंद केला पंप? खाली खुर्चीत बसलेल्या बाईंच्या डोक्यावर धार लागलीय! छतातून! तोंडात माझी सुई, आणि वरून खारं पाणी!”

“अरे, जरा—” माई म्हणाल्या.

“तू थांब आई. हिला विचारतोय. केलास ना बंद? खायला घालायला केलास, आणि फोनवर गप्पा मारत बसलीस? खालपर्यंत ऐकू येत होतं!”

धाकटीने होकारार्थी मान हलवली. कारण ते खरं होतं.

तिचा नवरा, म्हणजे माईंचा धाकटा, बोटीवर इंजिनाच्या कामावर. त्याचा फोन महिन्यातून एखाद्या वेळी लागायचा. रोज अकरा वाजता माशांना खायला घालायच्या आधी ती त्यांच्या टाकीचा मोठा पंप बंद करायची, नाहीतर खाणं वाहून जातं. दहा मिनिटांनी पुन्हा चालू. आज बटण बंद केलं आणि नेमका फोन वाजला. ती गच्चीत गेली. अर्ध्या तासाने परत आली तेव्हा टाकी अर्धी झाली होती.

माईंनी टाकीकडे पाहिलं. चार फूट लांबीची ती काच. कालपर्यंत वरपर्यंत निळी भरलेली. आता वरचे खडक उघडे पडले होते, आणि त्यांच्यावरची ती हिरवी, जांभळी, बोटांसारखी हलणारी प्रवाळं ओल्या चिंध्यांसारखी खाली लोंबत होती. वरच्या खडकाच्या फटीत पिवळा मासा आडवा पडला होता. पाणी उतरलं तेव्हा तो लपायला तिथे शिरला असणार, आणि पाणी त्याला सोडून खाली गेलं.

माई त्या माशाशी कुणाच्या देखत बोलायच्या नाहीत. कुणी नसताना बोलायच्या.

“आज संध्याकाळी टाकीवाल्याला बोलावतो,” थोरला म्हणाला. “जे जिवंत आहे ते त्याने बादल्यांतून न्यावं. काच, दगड, नळ्या, सगळं. पाच वाजता ही खोली मला रिकामी हवी. फार झाले हे लाड.”

धाकटीच्या हातातला टॉवेल खाली पडला. तीन वर्षं राबून तिने ती टाकी उभी केली होती.

२

आता ही टाकी म्हणजे काय, ते माईंनाही आधी कळलं नव्हतं. मासे पाळायचे तर एक काचेचं भांडं, चार शिंपले, झालं, असं त्यांना वाटायचं. पण ही बया सहा महिने नुसतं पाणीच फिरवत बसली होती, एकही मासा न घालता. “आई, आधी दगडांवर जिवाणू धरू द्यायचे. ते धरले की माशांची घाण तेच खातात. घाई केली की सगळं मरतं.” माई म्हणाल्या होत्या, “माझं लग्न एवढं थांबून झालं असतं तर बरं झालं असतं.”

खाली कपाटात दुसरी टाकी, छोटी. वरच्या टाकीतलं पाणी कडेच्या जाळीतून खाली उतरायचं, तिथे गाळलं जायचं, आणि पंप ते जाड नळीने परत वर ढकलायचा. नळीचं तोंड वरच्या टाकीत खोल, खडकांच्या बुडाशी सोडलेलं, म्हणजे तळाला घाण साचत नाही. सगळ्या वायरींवर चिठ्ठ्या: पंप, दिवा, हीटर. प्रत्येक वायर बोर्डाकडे जाताना आधी खाली झोका घेऊन मग वर गेलेली, का तर वायरीवरून थेंब ओघळला तर झोक्याच्या तळाशी गळून पडेल, बोर्डात जाणार नाही. आज एवढं पाणी सांडूनही बोर्डात ठिणगी पडली नाही, ती त्या झोक्यांमुळे. समुद्री मिठाच्या बादलीला वेगळं झाकण, वेगळा डाव. खारटपणा मोजून रोज वहीत लिहायचा, सकाळी आणि संध्याकाळी.

अशी बाई. आणि ही म्हणे निष्काळजी.

माईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण त्या गप्प होत्या, आणि माई गप्प बसल्या की घरातल्यांनी घाबरायला हवं होतं. शाळेत त्या जेमतेम दुसरीपर्यंत गेलेल्या. पण नवरा गेल्यावर अठरा वर्षं त्यांनी रॉकेलचं दुकान चालवलं होतं. पिंपातून डब्यात रॉकेल कसं उतरतं, कुठे थांबतं, का थांबत नाही, हे त्यांच्या हातांना पाठ होतं.

“धाकटे,” त्या म्हणाल्या, “रडणं नंतर. आधी मला सांग, मागच्या महिन्यात तू पंप बंद करून बाजारात गेली होतीस की नाही? दुपारी तीनला आलीस, कपाळावर हात मारून घेतलास.”

“हो आई.”

“तेव्हा किती पाणी सांडलं?”

धाकटी पाहतच राहिली. “सांडलं नाही. बोटभर उतरलं आणि थांबलं.”

“चार तासांत बोटभर. आज अर्ध्या तासात अर्धी टाकी. पंप तोच, टाकी तीच, तूही तीच. मग आज थांबलं का नाही?”

धाकटी उठली. तिने जाड नळीवर, पाण्याच्या नेहमीच्या रेघेच्या जरा खाली, बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

“आई, इथे भोक होतं.”

३

“कसलं भोक?”

“हवेचं. तांदळाच्या दाण्याएवढं. मीच पाडलं होतं. पंप बंद पडला की वरचं पाणी नळीतून उलटं खाली यायला लागतं. बोटभर उतरलं की ते भोक उघडं पडतं, हवा आत शिरते आणि—”

“आणि धार तुटते,” माई म्हणाल्या. “मला नको शिकवू. पिंपातून रॉकेल काढताना नळीला वर चीर पडली की धार तुटायची. चिरीला मेण लावलं की पुन्हा धो धो.” त्यांनी चष्मा नाकावर चढवला. “म्हणजे कुणीतरी तुझी चीर बुजवली.”

भोक भरलेलं होतं. इतकं सफाईदार, की डोळ्यांना दिसत नव्हतं. नखाला मात्र किंचित उंचवटा लागत होता.

आता घरात माणसं किती? माई, धाकटी, थोरला, आणि थोरल्याची बायको, जी त्याच्याच दवाखान्यात त्याच्या हाताखाली काम करते. बाहेरचा एकच, टाकीवाला, जो महिन्यातून एकदा नळ्या साफ करून जातो. एवढ्यातलाच कुणीतरी. माईंनी हिशेब न करता उठून जिना उतरायला सुरुवात केली.

थोरली सून दवाखान्याच्या दारात बॅग हातात धरूनच उभी होती. काल सकाळी दहाला ती आजारी आईकडे गेली होती, आत्ता बारा वाजता परत येत होती.

“अगंबाई, हे काय झालं? छतावर डाग!”

“डागाचं राहू दे. तुला वरची टाकी आवडत नाही ना?”

थोरली सरळ होती, आणि तिखटही. “नाही आवडत. माझ्या शिवणयंत्राला मिठाचा गंज चढला तिच्यापायी. दहादा सांगितलं तिला. पण तोंडावर सांगितलं, सासूबाई. मागे काही केलं नाही.”

“करायचं असतं तर?”

“तर दिवाच फोडला असता. असं पाणी सोडून स्वतःचाच दवाखाना बुडवणारी मी वेडी वाटले का?”

माईंना ते उत्तर आवडलं. ते त्यांच्या स्वतःच्या धर्तीचं होतं.

मग त्यांनी वर येऊन टाकीवाल्याला फोन लावला. तो उचलल्याबरोबर रडकुंडीला आला. “माई, डॉक्टरांचा फोन आला होता. पाच वाजता बादल्या घेऊन या म्हणाले. मी परवा आलो होतो, सगळं ठीक होतं हो! देवाशपथ सांगतो.”

“भोक बघितलं होतंस?”

“तारेने साफच केलं होतं! ते बुजू नये म्हणून दर वेळी करतो.”

“परवा साफ केलंस. तिने काल अकराला पंप बंद केला, तेव्हा काय झालं?”

धाकटी पाठीमागून वहीत बघून म्हणाली, “काल नेहमीसारखंच. बोटभर उतरून थांबलं.”

“मग टाकीवाला सुटला,” माई म्हणाल्या. “काल अकरानंतर आणि आज अकराच्या आधी. मधल्या वेळात भोक बुजलं.”

पलीकडून टाकीवाल्याने घसा साफ केला. “माई, एक सांगू का? सांगायचं नव्हतं. परवा मी भोक साफ करत होतो, तेव्हा मला एकाने विचारलं, हे कशाला, हे बुजलं तर काय होईल? मी म्हटलं, पंप बंद झाला की वरची टाकी खाली येईल. तो म्हणाला, असं होय, आणि गेला.”

“कोण?”

फोन कट झाला. पुन्हा लावला तर उचललाच नाही. डॉक्टर आपले पेशंट त्याला गिऱ्हाईक म्हणून मिळवून देत होते, हे माईंना ठाऊक होतं. कुणाच्या मेहेरबानीवर माणूस जगतो, त्याचं नाव घेताना जीभ जड होते.

४

दुपारी जेवण कुणाला गेलं नाही. धाकटी बादल्यांमध्ये मिठाचं पाणी कालवत होती, जिवंत राहिलेल्या प्रवाळांसाठी. हीटर एका बादलीत, बुडबुडे सोडणारा हवेचा दगड दुसरीत. तिचे हात कामं करत होते आणि डोळे गळत होते.

“आई, पुटीच असेल ती. मी प्रवाळ खडकावर चिकटवायला वापरते तीच. दादा म्हणतील, हिनेच लावली.”

“तो आधीच म्हणालाय,” माई म्हणाल्या. “दाखव तुझी पुटी.”

धाकटीने गोळा आणला. दोन रंगांच्या वळ्या, बोटांनी मळून एक करायच्या. मळल्यावर मातकट जांभळी. खडकावर जिथे जिथे तिने लावली होती, तिथे तिच्या बोटांचे ठसे उमटले होते, खडबडीत, अडाण्याने सही केल्यासारखे.

“नळी काढून दे मला.”

माई ती ओली नळी घेऊन खिडकीत बसल्या. भोकातला माल पांढरा होता. नुसता पांढरा नाही, किंचित पिवळसर पांढरा, हाडासारखा. कडक. कडा इतक्या गुळगुळीत की एखाद्या बारीक फिरत्या दगडाने घासून काढल्या असाव्यात. मळून चेपलेलं नव्हतंच ते. आधी भोक कोरडं केलं होतं, मग भरलं होतं, मग घासून चकचकीत केलं होतं. सवयीने. असं सवयीने नीट काम करणारा माणूस चोरीही नीटच करतो, तिथेच तो फसतो.

माईंनी जीभ आपल्या उजव्या खालच्या दाढेवर फिरवली. गेल्या वर्षी ती दाढ किडली होती. थोरल्यानेच भरली होती, मसाला कडक व्हायला निळा दिवा धरून, वीस सेकंद मोजत. मग त्यांनी नखाने नळीतल्या मसाल्यावर टकटक केलं, आणि त्याच नखाने दाढेवर.

दोन्हींचा आवाज सारखाच.

त्यांना आणखी एक आठवलं. काल दुपारी धाकटी मीठ आणायला गेली होती. माई आतल्या खोलीत पडल्या होत्या. टाकीची घरघर थांबली होती मध्येच, चांगली पाच-दहा मिनिटं. वीज गेली असं त्यांना वाटलं होतं, पण डोळे उघडून बघितलं तर डोक्यावर पंखा फिरत होता. त्यांनी कूस बदलली होती आणि झोपल्या होत्या.

त्या झोपल्या नसत्या तर पिवळा मासा जिवंत असता. हा राग आता स्वतःवरचाही होता, आणि असा राग माईंना परवडत नसे. त्यांना तो कुणाच्या तरी पदरात टाकावाच लागे.

५

पाचला टाकीवाला बादल्या घेऊन आला आणि जिन्यातच घुटमळला. थोरला वर आला. मागोमाग थोरली. माई खिडकीतल्या खुर्चीवर, नळी मांडीवर.

धाकटी पुढे झाली. रात्रंदिवस जिथे राबली त्या खोलीकडे तिने एकदा पाहिलं आणि थोरल्यासमोर हात जोडले.

“दादा, चूक माझीच. पंप मी बंद केला, विसरले मी. त्या बाईंचीही माफी मागते. तुमची पण. पण टाकी न्यायला सांगू नका. मी परत उभी करीन, तुम्हाला त्रास होणार नाही.”

थोरल्याने एक उसासा टाकला. मोठ्या मनाचा उसासा. तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“जाऊ दे. झालं ते झालं. मी मनात ठेवणार नाही. पण टाकी जाणारच. या खोलीत एक्स-रेचं यंत्र बसवायचं आहे, ते मी वर्षभर म्हणतोय. कदाचित यातून चांगलंच झालं.”

“झालं तुझं बोलून?” माई म्हणाल्या. “आता बस.”

“आई, मला पेशंट—”

“बस म्हटलं ना.”

तो बसला. पन्नाशीचा डॉक्टर, लाकडी स्टुलावर.

“सकाळी तू जिन्यातून ओरडत आलास. काय ओरडलास?”

“काय म्हणजे? पंप कोणी बंद केला.”

“खाली छतातून पाणी गळत होतं. घरात मोरीचा नळ आहे, कपड्यांचं यंत्र आहे, पाण्याची टाकी आहे गच्चीत. काच फुटली असेल, असं मला या खोलीत उभी असूनही वाटलं होतं. तू खाली होतास. वर काय झालं ते तू पाहिलं नव्हतंस. मग पंप तुला कुठून सुचला?”

थोरल्याने तोंड उघडलं. आ करून राहिला.

“सांगते मी. दोन दिवसांपूर्वी याला विचारलंस, भोक बुजलं तर काय होईल.” माईंनी जिन्याकडे बोट केलं. टाकीवाल्याने मान खाली घातली आणि हळूच ‘हो’ म्हटलं. “काल ही बाजारात, बायको माहेरी, मी झोपलेली. तू वर आलास, पंप बंद केलास. भोक तेव्हा उघडं होतं, म्हणून पाणी बोटभर उतरून थांबलं, आणि भोक तुला कोरडं मिळालं. दातात भरतोस तो मसाला भरलास, निळा दिवा धरलास, घासलास आणि पंप चालू केलास. आज अकरा वाजता ही खायला घालायला पंप बंद करणारच, हे तुला माहीत होतं. घड्याळासारखी बाई आहे ती. तुला फक्त वाट बघायची होती.”

“अहो,” थोरली पुटपुटली. नवऱ्याकडे ती अशा नजरेने बघत होती, जणू तिच्या ताटात काहीतरी वळवळलं होतं.

“आई, थोडं पाणी सांडेल एवढंच वाटलं होतं,” थोरला शेवटी म्हणाला. “फार तर कपाट भिजेल. मग तूच म्हणशील, काढा ही ब्याद. मासा मरावा असं मला... छतातून खाली येईल असं माझ्या...”

“हो. ते डोक्यात आलंच नाही. तुझ्या डोक्यावर सांडेपर्यंत येतच नाही.”

धाकटी भिंतीला टेकली होती. तिचे जोडलेले हात अजून सुटले नव्हते. माईंची नजर त्या हातांवर गेली, आणि दिवसभर धरून ठेवलेला त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला.

“ऐक आता. खोलीसाठी माझ्याशी भांडला असतास, तर भांडण झालं असतं आणि संपलं असतं. भोक बुजवलंस, तेही कदाचित मी पोटात घातलं असतं, कारण तू माझ्याच पोटचा. पण ही तुझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. तुझ्या पापाची माफी हिने मागितली. आणि तू ती घेतलीस! खांद्यावर हात ठेवून घेतलीस! वर उसासा टाकलास! ती तुझ्या बापाची होती का रे, खिशात टाकायला? उठ. टाकी जाणार नाही. पाणी तू कालवायचंस, बादली बादली करून, ही सांगेल तसं, आणि ती भरेपर्यंत खालचं दवाखान्याचं दार बंद राहील. पण ते उद्यापासून. आत्ता, या सगळ्यांच्या देखत, आधी तिची माफी तिला परत दे.”